गाठाळ लाकूड फोडण्यासाठी अवजारे निवडताना

झाड तोडण्याची पातळ पात्याची कुऱ्हाड गाठाळ किंवा पिळाच्या लाकडावर चालवू नका. ती खोल रुतते, पण धागे बाजूला रेटत नाही आणि ओंडक्यातच अडकून बसते. फोडण्यासाठीचे पाते धारेपासून मागे झपाट्याने जाड होत गेलेले हवे. वजन अडीच ते तीन किलोंच्या आसपास पुरे, कारण याहून जड अवजाराने हात लवकर थकतात आणि थकलेल्या हाताचा नेम चुकतो. दांड्याचे टोक नीट पाहून घ्या: लाकडाच्या रेषा पात्याला समांतर असतील तर तो टिकतो, आडव्या असतील तर लवकर मोडतो.

खरी भिस्त मात्र पोलादी पाचरींवर ठेवा, आणि त्या किमान दोन घ्या, म्हणजे एक अडकली तरी दुसरी त्याच चिरेत पुढे ठोकून पहिली मोकळी करता येते. त्या घणानेच ठोका. अडकलेल्या कुऱ्हाडीच्या पाठीवर घण मारल्यास तिचे नेढे, म्हणजे दांडा बसवायचे भोक, फाकते. पाचरीचे डोके मार खाऊन फुलू लागले, की त्या मुरडलेल्या कडा वेळीच घासून काढा, कारण त्यांचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. चष्मा तर प्रत्येक वेळी हवाच.

पहिला घाव ओंडक्याच्या मध्यावर न घालता, वाळताना पडलेल्या भेगेच्या रेषेत, गाठ टाळून, कडेजवळ घाला. मोठा ओंडका कडेकडेने ढलप्या काढतच फोडावा.