ताई, क्रूस काढून ठेवू का?

या महिन्यात पत्रं बरीच आली आणि बहुतेकांचा सूर एकच, की रविवारी चर्चमध्ये सगळं ठीक असतं पण सोमवार उजाडला की काय होतं कळत नाही. मी फादर नाही, सिस्टर नाही, नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची मुलगी आहे, वसईच्या वाडीत वाढले आणि रोज विरार लोकलने जाते-येते, त्यामुळे जे सांगणार ते तिथूनच सांगणार.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा, नालासोपाऱ्याला राहतो, अंधेरीला अकाउंट्सचं काम करतो. यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात ठरवलं होतं की रोज पहाटे चर्चमध्ये मिस्साला जायचं आणि तिथून थेट स्टेशन. पहिला आठवडा मस्त गेला. मग एका मंगळवारी गाडी लेट, प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नाही, आत शिरताना मागच्याने बॅग धरून असा खेचला की पट्टा तुटला, डबा उघडला आणि वाटाण्याची उसळ सगळी शर्टावर. माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही. बाजूचे एक काका म्हणाले, "गळ्यात क्रूस घालतोस आणि तोंड बघ." चार जण हसले. घरी आलो आणि क्रूस काढून कपाटात ठेवला, अजून तिथेच आहे. आईने विचारलं तर साखळी तुटली म्हणालो, म्हणजे आता खोटंही बोललो. माझ्यासारख्याने क्रूस घालून येशूचं नाव खराब करण्यापेक्षा न घातलेला बरा ना?
(एक वाचक, नालासोपारा)

उत्तर : तुझं पत्र वाचून आधी मनात आलं की त्या दिवशी दुपारी तू जेवलास काय? उसळीचा डाग घेऊन दिवसभर ऑफिसात बसलास, डबा गेलेला, खांदा ओढला गेलेला, आणि घरी येऊन त्यातलं कुणाला काही सांगितलं नाहीस, फक्त क्रूस काढलास. म्हणजे सगळ्याची शिक्षा एकट्या त्यालाच.

रागाचं आधी बोलू. राग आला म्हणजे पाप झालं असं लहानपणी कुणीतरी आपल्या डोक्यात भरवलंय. पण पौलाने इफिसच्या लोकांना लिहिलेलं पत्र उघडून चौथा अध्याय वाच, तो रागावूच नका असं म्हणत नाही, रागावलात तरी पाप करू नका आणि राग धरून सूर्य मावळू देऊ नका असं म्हणतो. हे वचन मला पाठ होतं पण कळलं भाईंदरच्या खाडीवर. मे महिना होता, ऑफिसात एका सीनियरने स्वतःची चूक सगळ्यांसमोर माझ्या नावावर टाकली होती आणि मी एक शब्द न बोलता निघून आले होते. गाडी भाईंदर सोडून पुलावर आली, मी दारापासून दोन बायका सोडून उभी, आणि डाव्या हाताला सूर्य खाडीच्या पाण्याला टेकत आलेला, अगदी केशरी, मिठागरांच्या बाजूला. मी मनात म्हटलं, देवा, पाच मिनिटं उरलीत, मला हा राग सुटत नाहीये, ह्या माणसाचं नाव घेतलं तरी माझे दात आवळतात, तूच बघ. नाही सुटला. नायगाव आलं, वसई आलं, अंधार पडला, राग तसाच. पण मी ते सांगून टाकलं होतं आणि सांगितल्यामुळे मला स्वतःलाच कळलं की मला नेमकं काय लागलंय. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणाले, सर, ती चूक माझी नव्हती. आवाज चढला नाही. माझ्या मते तीच माझी त्या आठवड्यातली खरी प्रार्थना होती.

आता क्रूस. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूला धरून नेल्यावरची रात्र आठव. येशूचा शिष्य पेत्र महायाजकाच्या अंगणात आहे, थंडी आहे, योहान सांगतो की तिथे कोळशाचा विस्तव पेटवला होता आणि पेत्र शेकत उभा होता. लोक म्हणतात, तू त्यांच्यातलाच, तुझ्या बोलण्यावरून कळतं. गालीलच्या लोकांची बोली वेगळी, जसा आपला कादोडी बोलणारा माणूस दादरला तोंड उघडल्याबरोबर ओळखू येतो तसं. आणि पेत्र काय करतो तर शिव्याशाप द्यायला लागतो, शपथा घेतो की मी त्या माणसाला ओळखतच नाही. ज्याच्या नावाने आपण रोममध्ये एवढं मोठं चर्च बांधलं तो हा पेत्र. तू गाडीत शिवी दिलीस हे वाईटच झालं, पण मला विचारशील तर त्यापेक्षा कपाटाची गोष्ट मोठी आहे, कारण शिवी रागात निघाली आणि क्रूस तू शांत डोक्याने काढलास.

मग योहानाचा शेवटचा अध्याय वाच. पुन्हा कोळशाचा विस्तव, ह्या वेळी सरोवराच्या काठावर, त्यावर मासे आणि भाकर. पेत्र आणि बाकीचे रात्रभर जाळं टाकून रिकामे परतत होते, अर्नाळ्याच्या नाहीतर पाचूबंदरच्या कुठल्याही कोळ्याला विचार की अशा सकाळी माणसाचं तोंड कसं असतं. येशू त्यांना पुन्हा जाळं टाकायला सांगतो, १५३ मासे लागतात, आणि काठावर आल्यावर म्हणतो काय, तर या, न्याहारी करा. खाऊन झाल्यावर पेत्राला तीन वेळा विचारतो की माझ्यावर प्रेम करतोस का. अंगणातल्या त्या रात्रीचा विषयसुद्धा काढत नाही, जा आधी तोंड धुऊन ये असं म्हणत नाही, थेट मेंढरं सांभाळायला देतो.

आपलं वसईकरांचं अजून एक आहे. आपण गोन्सालो गार्सियाच्या गोष्टी ऐकत मोठे होतो, आपला गाववाला, १५९७ साली नागासाकीला क्रूसावर मेला, १८६२ साली संत झाला, किल्ल्यातल्या त्याच्या चर्चला आपण लहानपणापासून जातो, आणि मग वाटतं की श्रद्धा म्हणजे असंच काहीतरी प्रचंड, आणि आपण तर डब्यात शिरताना हरतो. पण तो माणूस फ्रान्सिस्कन व्हायच्या आधी काही वर्षं जपानमध्ये व्यापार करत होता. माल, भाव, गिऱ्हाईक, परकी भाषा, ह्यात रोजची कटकट नसेल असं मला तरी वाटत नाही.

तर क्रूस घाल. क्रूस म्हणजे चांगल्या वागणुकीचं सर्टिफिकेट असतं तर अख्ख्या वसईत एकाच्याही गळ्यात दिसला नसता. आईला खरं सांग, आजच सांग, ती ओरडणार नाही, ओरडली तरी त्या ओरडण्याने तुला बरंच वाटेल. कन्फेशनला जा आणि तिथे नुसतं "राग येतो" असं गोलमोल बोलू नकोस, बॅग, उसळ, काका, कपाट सगळं सांग. आणि ते काका परत दिसले तर सॉरी म्हण, त्यांना उत्तर द्यायला म्हणून नको, शिवी त्यांच्या कानावर पडली म्हणून. आणि भावा, डब्याला रबर लाव.

प्रश्न : सलाम ताई. मी नगरची, वय २५. तीन वर्षं सरकारी नोकरीच्या परीक्षा देतेय, दोनदा अगदी थोडक्यात गेलं. चर्चच्या मंडळीत कुणी भेटलं की म्हणतं, देवाची योजना असेल. एक मावशी म्हणाल्या, विश्वास कमी पडतोय, उपास वाढव. मी उपास केले, रात्रीच्या प्रार्थनेला बसले, काही झालं नाही. आता खरं सांगू का, मला देवाचाच राग येतो. गुडघे टेकले की ओरडावंसं वाटतं, म्हणून मी गुडघे टेकणंच बंद केलंय. हे पाप आहे का?
(एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : ओरड ना मग. खरंच सांगते. दार लावून ओरड नाहीतर वहीत लिही.

ईयोबाचं पुस्तक आपण सगळे सहनशीलतेसाठी सांगतो, पण वाचायला घेतलं की कळतं तो माणूस पानंच्या पानं तक्रार करतो, ज्या दिवशी जन्मलो त्या दिवसाला शाप देतो. त्याचे मित्र येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात, तेवढंच त्यांनी बरोबर केलं, कारण नंतर तोंड उघडलं आणि तुझ्या मावशींसारखं बोलायला लागले, तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून. आणि शेवटी देव कुणावर रागावतो? मित्रांवर. म्हणतो, माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जे बोलला तसं योग्य तुम्ही बोलला नाहीत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता.

स्तोत्रसंहिता काढ. तेरावं स्तोत्र, पहिल्या दोनच ओव्यांत चार वेळा विचारलंय की कुठवर, परमेश्वरा, कुठवर. आणि अठ्ठ्याऐंशीवं तर संपतंच अंधारावर. दुःखाच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटी कुठेतरी आभाराची ओळ येते, ह्यात येत नाही. कुणाला जोडायची असती तर इतक्या शतकांत जोडता आली असती, नाही जोडली, तशीच ठेवली आणि आपण ती चर्चमध्ये वाचतो. म्हणजे ज्याच्याकडे शेवटी आभार मानायला काही उरलं नाही अशा माणसाचीही जागा तिथे धरून ठेवलेली आहे, ती तुझी समज.

तुमच्या नगरला ज्यांचा संसार झाला त्या लक्ष्मीबाई टिळकांचं बघ. नवऱ्याने, म्हणजे रेव्हरंड टिळकांनी, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा ह्या बाईचं जगच उलटंपालटं झालं, रडल्या, चिडल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या. स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःचं स्वतःला पटल्यावर. त्या मधल्या वर्षांना कुणी विश्वास कमी पडला म्हणेल का? मी तर म्हणेन त्या वर्षांतूनच तो आला.

एक मात्र मोठ्या बहिणीच्या नात्याने सांगते, रागावून झालं की कॅलेंडर घेऊन बस. अजून किती प्रयत्न करायचे, पैसे कुठून येणार, मधे शिकवण्या किंवा छोटी नोकरी धरायची का, हे घरच्यांशी बोलून ठरव. तारीख ठरवली म्हणजे देवावर अविश्वास दाखवला असं अजिबात नाही. आणि मावशी पुन्हा काही म्हणाल्या तर म्हण, मावशी, नुसतं माझ्याजवळ बसा थोडा वेळ. बसल्या तर बसल्या.

प्रश्न : ताई, ईस्टरला आमच्याकडे वीस माणसं असतात. मी आणि आई पहाटेपासून चुलीशी, दोघे भाऊ ओट्यावर कॅरम खेळतात. मी बोलले तर आत्या म्हणते, मार्थासारखी कुरकुर करू नकोस. मला मिस्सातसुद्धा मटण शिजलं असेल का हेच डोक्यात असतं.
(एक वाचक, वसई)

उत्तर : मार्थाची गोष्ट, म्हणजे येशू घरी आलेला, बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली आणि मार्था एकटी कामात, ती बायकांना गप्प करायला वापरली की मला फार लागतं. येशू मार्थाला म्हणाला की तू फार गोष्टींची काळजी करतेस, पण तो हे तिला मायेने, दोनदा नाव घेऊन म्हणाला, आणि मुख्य म्हणजे ती त्याच्या तोंडावर येऊन बोलू शकली की बहिणीला सांगा मला मदत करायला. हीच मार्था योहानाच्या अकराव्या अध्यायात, भाऊ लाजर मेल्यावर, येशू येतोय कळल्याबरोबर घरातून उठून रस्त्यावर जाते आणि पहिलं वाक्य पुन्हा तक्रारीचंच, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. आणि त्याच बोलण्यात पुढे ती कबूल करते की तूच ख्रिस्त, देवाचा पुत्र. एवढी मोठी साक्ष जिने दिली तिला आत्या नावं ठेवते!

भावांना आदल्या रात्रीच सांग, एकाने कांदे चिरायचे, एकाने भांडी. ते नाही म्हणाले तर मटण एक तास उशिरा होईल, होऊ दे. पहाटेच्या मिस्साला तू आणि आई दोघी पुढच्या बाकावर बसा.

प्रश्न : रात्री रोझरी घेतो, पाच रहस्यांपैकी (म्हणजे भागांपैकी) तिसऱ्यापर्यंत झोप लागते. रोज. पाप लागतं का?
(एक वाचक, विरार)

उत्तर : नाही रे. फ्रान्समधल्या लिजूची संत छोटी तेरेजा, जी १८९७ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी वारली, तिला मठात प्रार्थनेच्या वेळी वर्षानुवर्षं झोप यायची, तिनेच लिहून ठेवलंय, आणि तिचं म्हणणं की मूल झोपलेलं असलं तरी आईबापाला तेवढंच आवडतं. आणि एलीया, एवढा मोठा संदेष्टा, रानात झाडाखाली पडून देवाला म्हणतो पुरे झालं आता, मला मरू दे, तर देवदूत त्याला काही समजावत बसत नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो खाऊन पुन्हा झोपतो, दूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो, आणि बोलणं त्यानंतर, डोंगरावर पोचल्यावर. तू किती वाजता घरी येतोस ते लिहिलं नाहीस, पण विरारला राहतोस म्हणजे अंदाज आहे मला. जमलं तर दोन रहस्यं सकाळी गाडीत घे, बोटांवर मोज, कुणाला कळतही नाही. रात्रीची अर्धी राहिली तर राहू दे, आमची आजी म्हणायची उरलेली राखणदूत पुरी करतो. माझी जपमाळ सकाळी गादी आणि भिंतीच्या मधे सापडते, तिथेच बघत जा.