चोरांनी खणलेला खड्डाही खणायचा असतो

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. कझाकस्तानच्या अल्तायमध्ये, बुख्तर्मा नदीच्या खोऱ्यात दोन महिने खणायला चालली आहेस! याच खोऱ्यातल्या बेरेलला राडलोव या अभ्यासकाने १८६५ मध्ये पहिला मोठा कुरगान, म्हणजे दफनावर रचलेला दगडांचा ढिगारा, उघडला. मग १९९८ पासून झैनुल्ला समाशेव यांच्या चमूने तिथेच ११ क्रमांकाच्या कुरगानातून गोठलेल्या मातीत झोपलेले तेरा घोडे बाहेर काढले, साजासकट. फार आनंद झाला. पण मेलच्या शेवटी तू लिहिलंस, "आमच्या वाट्याला आलेला कुरगान लुटलेला आहे म्हणतात, त्यामुळे फार काही मिळेल असं वाटत नाही." हे पत्र त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे.

रशियाच्या बाजूच्या अल्तायमधल्या पाझिरिकचं उदाहरण घे. तिथले पाचही मोठे कुरगान लुटलेले होते. पहिला ग्र्याझ्नोव या पुरातत्त्वज्ञाने १९२९ मध्ये खणला, बाकीचे रुदेंको या दुसऱ्या पुरातत्त्वज्ञाने १९४७ ते १९४९ मध्ये. चोर त्यांच्याआधी शेकडो वर्षं येऊन गेले होते. वरच्या दगडांतून विहिरीसारखा खड्डा घेत ते खाली उतरले, लार्च या सूचिपर्णी झाडाच्या ओंडक्यांचं छत कुऱ्हाडीने फोडलं आणि आतलं सोनं नेलं. दुसऱ्या कुरगानात तर त्यांनी मृतांची डोकी धडावेगळी केली. हे वाचताना अंगावर काटा येतो. पण पुढे काय झालं बघ. चोरांनी पाडलेल्या त्या भोकातून पावसाचं आणि बर्फाचं पाणी आत झिरपलं. वर दगडांची रास होती. अशा राशीतून हिवाळ्याची थंडी खाली उतरते, पण उन्हाळ्याचं ऊन तिथवर पोचत नाही. त्यामुळे आतलं पाणी गोठलं ते गोठलंच. कापड, कातडं, नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड), लाकूड, केस, माणसाच्या त्वचेवरचं गोंदण, एरवी मातीत ज्यांचा मागमूस उरत नाही अशा सगळ्या वस्तू त्या बर्फात सव्वादोन हजार वर्षांहून जास्त काळ राहिल्या. रुदेंकोच्या माणसांनी गरम पाणी ओतून ओतून तो बर्फ वितळवला.

आणखी एक गोष्ट. चोरांना घोड्यांत रस नव्हता. खड्ड्याच्या उत्तरेकडच्या भागात, ओंडक्यांच्या खोलीबाहेर, बळी दिलेले घोडे साजासह पुरलेले असत. तिकडे चोर फिरकलेच नाहीत. पाचव्या कुरगानातला तो जगप्रसिद्ध गाठींचा गालिचा तिथेच सापडला, घोड्यांच्या बाजूला. सुमारे १.८३ मीटर बाय २ मीटरचा. आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. त्याच्या एका पट्ट्यात घोडेस्वार आहेत, काही स्वार झालेले, काही घोड्याशेजारून पायी चाललेले, आणि एका पट्ट्यात हरणं चरताहेत. मी त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा नजर सारखी त्या हरणांच्या पाठीवरच्या ठिपक्यांकडे जात होती. कुणीतरी ते एकेक गाठ मारून भरलेत.

म्हणून सांगते, चोरांचा खड्डा दिसला की "इथली माती विस्कटलेली आहे, काढून टाका" असं कुणी म्हणेल, तेव्हा थांब. तो खड्डा स्वतः एक वस्तू आहे. त्याच्या कडा वेगळ्या नोंदव, त्याचा सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाचं रेखाटन, वेगळा काढ. त्यातली माती वेगळ्या घमेल्यात, वेगळ्या चाळणीतून जाऊ दे. तो वरून किती रुंद सुरू होतो, कुठे वळतो, थेट मधोमध उतरतो की कडेने, हे बघ. चोरांना आतली रचना माहीत होती की नव्हती, हे त्याच वळणावरून कळतं. तळाशी बारीक गाळाचे थर दिसले तर खड्डा बराच काळ उघडा पडून होता असं समज. ओंडक्यावर कुऱ्हाडीचे घाव असतील तर पात्याची रुंदी मोज. फेकून दिलेली हाडं जिथे पडली असतील तिथेच आधी त्यांची रेखाटनं कर. चोर नेमकं काय टाकून गेले हेही आपल्याला कळायला हवं.

याची दोन उदाहरणं मनात ठेव. रशियाच्या तुवा प्रजासत्ताकातल्या अर्झान-२ या कुरगानाचं खोदकाम २००१ ते २००४ मध्ये झालं. रशियाचे चुगुनोव आणि जर्मनीचे पार्झिंगर व नागलर यांनी ते केलं. चोर बरोबर मध्यावर उतरले होते आणि त्यांच्या हाती काहीच लागलं नव्हतं, कारण मध्यावरचे खड्डे रिकामेच ठेवलेले होते. राजा आणि त्याच्याबरोबरची स्त्री मध्यापासून बरंच बाजूला होती, सुमारे २० किलो सोन्यासह. ज्यांनी तो कुरगान बांधला त्यांना चोर येणार हे ठाऊक होतं असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण रशियाच्या अल्तायमधल्या उकोक पठाराचं. पुरातत्त्वज्ञ नताल्या पोलोस्माक यांना १९९३ मध्ये तिथे वरच्या थरात नंतरच्या काळातलं एक दफन लागलं, लुटलेलं. चोर तेवढ्यावर समाधान मानून निघून गेले होते. त्याच्या खाली बर्फात, लार्चच्या एकाच बुंध्यातून कोरलेल्या शवपेटीत, पंचविशीच्या आसपासची एक स्त्री होती. दंडावर गोंदलेलं हरीण, अंगात रेशमी सदरा, डोक्यावर उंचच उंच शिरोभूषण, आणि बाहेर सहा घोडे. घोड्यांच्या पोटात जे सापडलं त्यावरून तिला उन्हाळ्याच्या तोंडावर पुरलं असावं असा अंदाज निघाला. "लुटलेलं आहे" म्हणून तिथेच काम थांबवलं असतं तर?

आता माझी एक गोष्ट सांगते, वर्गात कधी सांगितली नव्हती. शिकत असताना मी विदर्भात एका शिळावर्तुळावर, म्हणजे मोठे दगड गोल रचलेल्या प्राचीन दफनावर, काम करत होते. तिथली शिळावर्तुळं तू पाहिली आहेसच. नागपूरजवळच्या माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांना घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे अलंकार आणि लोखंडी लगामाचे तुकडे मिळाले, हेही तुला तोंडपाठ असेल. आमच्या वर्तुळात एका बाजूची माती सैल लागली. मी ठरवलं की हे जुनं उकरलेलं आहे. सूर्य मावळायला आला होता, मजुरांची घरी जायची वेळ झाली होती. मी खुरपी बाजूला ठेवली आणि फावड्याने ती माती ओढायला सांगितली. चौथ्या-पाचव्या घमेल्यात हिरवट पत्र्याचे तुकडे दिसले. तांबं. मी ओरडून काम थांबवलं, पण तोवर तुकडे तीन घमेल्यांत वाटले गेले होते. नंतर चाळून सगळे मिळाले, साफ केले, जोडलेही. घोड्याच्या कपाळावरचा पत्रा होता तो. पण घोड्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं, पत्रा डोक्यावर होता की कुणी काढून शेजारी ठेवला होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. त्या रात्री वहीत मी एवढंच लिहिलं, "सैल मातीत, जागा अनिश्चित." ते शेवटचे दोन शब्द अजून टोचतात.

म्हणून एक सवय लाव. संध्याकाळी चारनंतर कुठलीही शंकास्पद माती उघडायची नाही. वर प्लास्टिक टाक, कडेला खिळे मार, वहीत खूण कर आणि सकाळी तिरप्या उन्हात बघ. तिरप्या उन्हात मातीचा रंग बोलतो. तिकडे उन्हाळ्यात उजेड रात्री उशिरापर्यंत असतो, त्याला भुलू नकोस. डोळे त्याच्या आधी थकतात.

लाकूड मिळालं तर जीव टाकून जप. ओलं ठेव, उघडं पडू देऊ नकोस, आणि संरक्षणतज्ज्ञ येईपर्यंत हात लावू नकोस. लार्चच्या ओंडक्यांवरच्या वर्षवलयांवरून पाझिरिकचे कुरगान एकमेकांपासून किती वर्षांनी बांधले गेले ते कळलं. पाचही सुमारे पन्नास वर्षांच्या आत बांधलेले आहेत. म्हणजे पहिल्या दफनाला हजर असलेलं एखादं पोर शेवटच्या दफनालाही, म्हातारं होऊन, आलं असू शकेल. बर्फ मिळाला तर त्यातही घाई नको. अल्तायमध्ये तापमान वाढतं आहे, जमिनीखालची गोठण वितळू लागली आहे. आज जो बर्फ आहे तो पुढच्या पिढीसाठी राहीलच असं नाही.

तिथल्या लोकांशी बोल. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. उकोकच्या त्या स्त्रीला सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्क शहरात नेलं तेव्हा अल्तायच्या लोकांच्या मनाला फार लागलं. २००३ मध्ये तिथे मोठा भूकंप झाला, तेव्हा अनेकांनी त्याचा संबंध तिच्या बाहेर काढण्याशी जोडला. २०१२ मध्ये तिला अल्तायच्याच राजधानीतल्या, गोर्नो-अल्ताइस्कच्या संग्रहालयात परत आणलं, तरी तिला पुन्हा जमिनीत ठेवा ही मागणी संपलेली नाही. भूकंपाचं कारण भूगर्भातलं असतं, हे मी तुला सांगायला नको. पण आजीच्या कबरीवर परके लोक फावडी घेऊन आले तर आपल्यालाही कसं वाटेल, याचा विचार कर. छावणीशेजारी कुणी मेंढपाळ राहत असेल तर पहिल्या दिवशी जाऊन भेट. कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, दिलं तर पी. आंबट लागेल, नाही म्हणू नकोस.

तू विचारलंस की विदर्भातले घोडे आणि तिकडचे घोडे यांचा संबंध असेल का. घोडा दोन्हीकडे पुरला, एवढं खरं. पण दोन टोकांमध्ये लगेच रेघ ओढू नकोस. शकांचं म्हणशील तर, प्राचीन इराणी लेखांमध्ये स्टेपवरच्या, म्हणजे तिकडच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांवरच्या, भटक्यांना शक म्हटलं आहे, नाशिकच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात स्वतःला शक म्हणवतो, आणि आपल्या लग्नपत्रिकांवर आजही शके लिहितात. हा धागा खरा आहे, पण तो कितीतरी शतकांचा आणि कितीतरी लोकांतून आलेला आहे. तुझ्या कुरगानात उषवदाताचा पणजोबा शोधायला जाऊ नकोस. तिथे जो आहे त्याचं ऐक.

गरम कपडे ने, जुलैतही. डासांसाठी जाळीची टोपी घे. वही पेन्सिलीने लिही, शाई ओलीत पसरते.

आणि चोरांच्या खड्ड्याचा सेक्शन काढशील त्या दिवशी त्याचा एक फोटो मला पाठव, पट्टी ठेवून, उत्तर दिशा दाखवून. मी वाट बघते आहे.

तुझी,
मॅडम