वाचकांचे प्रश्न : ट्रकचा गिअरबॉक्स खोलताना

प्रश्न : गिअरबॉक्स खाली घेताना बाटली जॅक आणि तिघे जण पुरतात का? मागच्या वेळी चढवताना तो तिरका झाला. क्लच प्लेट नवी, तरी क्लच नीट सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा होत नाही.

उत्तर : नाही पुरत. जड ट्रकच्या गिअरबॉक्सचं वजन सहज 200 ते 350 किलो भरतं आणि बाटली जॅकचा आधार एका ठिपक्यावरच. बॉक्स एकीकडे कलला की हातांनी सावरत नाही. सावरायला जाऊही नये. गिअरबॉक्सचा ट्रॉली जॅक घ्या, बॉक्स त्यावर साखळीने बांधा.

क्लच न सुटण्याचं कारण बहुधा तुमच्याच वाक्यात आहे. बेलहाउसिंगचे (क्लच झाकणाऱ्या, इंजिनाला जोडणाऱ्या कवचाचे) बोल्ट आवळण्याआधी बॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर, म्हणजे क्लच प्लेटमध्ये शिरणाऱ्या दांड्यावर लोंबकळलं, की शाफ्ट प्लेटच्या हबला (मधल्या भागाला) वाकवतो. पेडल पूर्ण दाबलं तरी वाकडी प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाच्या जड चाकाला) घासत राहते. शाफ्ट पूर्ण बाहेर येईपर्यंत, आणि चढवताना पूर्ण आत जाईपर्यंत, बॉक्सचा कल इंजिनाच्या कलाशी जुळलेला हवा. बोल्ट ओढून बॉक्स आत खेचू नका.

त्याआधी चाकांना ठोकळे, चासी घोडीवर (स्टँडवर), बॅटरीची वायर सोडलेली. एअर टाक्या रिकाम्या करून गेज शून्यावर आणा, मगच रेंज सिलिंडर (हवेने गिअरची रेंज बदलणारा) आणि क्लच सर्व्हो (हवेने क्लच दाबायला मदत करणारा) यांचे पाइप काढा. हवा गेली की स्प्रिंगच्या जोराचे पार्किंग ब्रेक लागतात हे खरं, पण कुणी ते आधीच बोल्टने मोकळे केले असतील तर गाडी धरायला फक्त ठोकळेच उरतात. क्लचची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनिंगमध्ये (प्लेटवरच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं.

प्रश्न : बेअरिंग काढताना हातोडा का नको? पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) लावायला जागाच नसते.

उत्तर : शाफ्ट आणि रेस (बेअरिंगची कडी) दोन्ही कडक केलेलं पोलाद. पोलादी हातोडा लागला की कपची गोळीसारखी उडते. पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) वापरा, चष्मा लावा. बेअरिंग शाफ्टवर घट्ट असेल तर ताण आतल्या रेसवर द्या. बाहेरच्या रेसला पुलर लावला की जोर गोळ्यांवरून जातो आणि रेसवर खळगे पडतात. असं बेअरिंग धुतल्यावर छान दिसतं, गाडीवर चढल्यावर घोंघावतं. धुतलेलं बेअरिंग हवेच्या झोताने भिरभिरवणं तर साफ बंद करा; तेल नसताना वेग फार वाढतो, गोळ्या आणि पिंजरा सुटून अंगावर येऊ शकतात.

वरचं शिफ्ट कव्हर उचलतानाही घाई नको. डिटेंटच्या, म्हणजे गिअर जागेवर धरणाऱ्या खटक्याच्या, स्प्रिंग आणि गोळ्या दाबलेल्या असतात. हात कव्हरवर ठेवून बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे सोडा आणि गोळ्या मोजून घ्या.

प्रश्न : दोन काउंटरशाफ्टचा (मुख्य शाफ्टच्या दोन्ही बाजूंना समांतर शाफ्ट असलेला) बॉक्स जोडल्यावर फिरतच नाही.

उत्तर : टायमिंग, म्हणजे दोन्ही काउंटरशाफ्टच्या दातांची जुळणी चुकली. खोलण्यापूर्वी इनपुटच्या ड्राइव्ह गिअरचे लगतचे दोन दात आणि त्यांच्या बरोबर समोरचे लगतचे दोन, असे रंगवा. प्रत्येक काउंटरशाफ्टच्या ड्राइव्ह गिअरवर त्या जोडीच्या मधे बसणारा एकच दात रंगवा. शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) जिथून निघाल्या त्या क्रमाने तारेत ओवून ठेवा. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी लेप असेल तर तो चालतो. दाताचा तुकडा निघाला, तर सगळे गिअर एकेक करून तपासा.