दुसरा रकाना रिकामा का?

"मावशी, जाऊबाईंच्या मुलाच्या वर्गात एकाला घटसर्प झाला. रविवारी सगळे जमलो असताना त्यांनी चारचौघांत विचारलं, 'तुझ्या लेकीचे डोस पूर्ण आहेत ना?' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्डावर दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा एवढे दोनच रकाने रिकामे आहेत, पण तेव्हा लॉकडाऊन होता. आता तिला सातवं संपत आलंय. जाऊबाईंना कसं सुनावू? – दुखावलेली"

अगं, जाऊबाईंचं राहू दे. मी अडले ती त्या दोन रकान्यांपाशी.

दीड वर्षाचा डोस २०२० साली चुकला, ते समजू शकते. दवाखान्याची पायरी चढायची भीती वाटत होती. जगभर हेच झालं. घटसर्पाच्या लशीचे तान्हेपणीचे तिन्ही डोस मिळालेल्या बाळांचं प्रमाण २०१९ मध्ये ८६ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ८१ वर आलं. त्या एका वर्षात अडीच कोटी मुलांचा एखादा तरी डोस चुकला.

पण तुझी लेक पाच वर्षांची झाली २०२४ मध्ये. कोविडची आणीबाणी संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ लाच सांगितलं होतं. मग हा दुसरा रकाना लॉकडाऊनच्या नावावर कसा टाकतेस? मला वाटतं, पहिला राहिल्याची लाज वाटली आणि कार्ड कपाटाच्या तळाशी गेलं. म्हणूनच जाऊबाईंचा साधा प्रश्न एवढा झोंबला.

महामारीत घटसर्पाच्या नोंदी घटल्या, कारण शाळा बंद होत्या, तोंडावर मास्क होते आणि नोंद ठेवणारी माणसंही कोविडच्या कामात गुंतली होती. जंतू कुठेच गेले नव्हते. तान्हेपणीच्या डोसांचं बळ वर्षागणिक ओसरतं, म्हणून तर दीड आणि पाच वर्षांना बूस्टर, म्हणजे ते बळ परत वाढवणारा डोस, द्यायचा.

घटसर्पात घशात राखाडी पापुद्रा धरतो. तो ओढायला गेलं तर रक्त येतं. मान सुजते, श्वास अडतो. घसा बरा झाल्यासारखा वाटतो आणि दोन आठवड्यांनी हृदय दगा देऊ शकतं, कारण जंतूचं विष तोवर तिथे पोचलेलं असतं. प्रतिविषाचं इंजेक्शन आहे, पण ते रक्तात मोकळं फिरणारं विष तेवढं निकामी करतं. पेशींत शिरलेल्या विषापुढे त्याचं काही चालत नाही.

उद्या सकाळी कार्ड घे, लेकीचा हात धर आणि दवाखान्यात जा. 'हे राहिलंय' एवढंच म्हण, कारणं सांगत बसू नकोस. आधीचे डोस वाया जात नाहीत, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. सात वर्षं पूर्ण झाली की लशीचा प्रकार बदलतो, म्हणून तिची जन्मतारीख आधी सांग. पुढचा डोस कधी ते विचार आणि रकान्यात तारीख लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.

मग जाऊबाईंना फोन कर. मुलांना परत एकत्र खेळू देऊ या म्हणून.