देवमासा खाली जाऊन जेवला का, हे वर बसून कसं कळतं?

प्रश्न : सर, आम्ही जायकवाडीपेक्षा मोठं पाणी बघितलेलं नाही. टीव्हीवर सांगितलं की स्पर्म व्हेल नावाचा देवमासा हजार मीटर खाली जाऊन शिकार करतो. तिथं मिट्ट काळोख, मग तो काय करतो हे कसं कळतं, का नुसती फेकाफेकी? आठवीतल्या पोरीनं विचारलं अन् माझी बोलती बंद.
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : फेकाफेकी नाही हो, ऐकून कळतं. खोल पाण्यात उजेड पोचत नाही, जीपीएस चालत नाही, पण आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर पळतो, हवेच्या चौपटीहून जास्त. अन् स्पर्म व्हेल बुडी मारली की गप बसत नाही, टक्‌ टक्‌ असे क्लिक सोडत जातो, सेकंदाला एखाद-दोन, ते स्क्विडवर (माकूळ, त्याची शिकार) आपटून परत आले की शिकार कुठंय ते त्याला कळतं. शिकार जवळ आली की क्लिक इतके दाट होतात की नुसती कर्रर्र ऐकू येते, त्याला बझ म्हणतात. बझ मोजले की कितीदा झडप घातली ते कळलं. पण घास पोटात गेलाच असं नाही, शिकार निसटतेही, हे टीव्हीवाले सांगत नाहीत.

खोली काढायची तर पाण्यात तीन-चार हायड्रोफोन सोडतात, म्हणजे पाण्यातले माईक. एकच क्लिक प्रत्येकाला थोडा मागंपुढं ऐकू येतो, त्या फरकावरून हिशोब लागतो. आपण विहिरीत दगड टाकून ‘डुबुक’ कधी येतंय ते ऐकतो, त्यातलाच प्रकार, फक्त गणित किचकट.

दुसरी युक्ती डी-टॅगची, म्हणजे देवमाशाच्या अंगावर लावायचा छोटा रेकॉर्डर, अमेरिकेतल्या वुड्स होल या समुद्र-संशोधन संस्थेत बनलेला. लांब काठीनं पाठीवर चिकटवतात, रबरी वाट्यांवर बसतो, आवाज, खोली, हालचाल सगळं एकत्र रेकॉर्ड होतं, काही तासांनी सुटून वर तरंगतो. मला तर याचं ब्लू व्हेलवरचं काम जास्त भारी वाटतं, कारण तो शिकारीसाठी क्लिक करतच नाही! पण तो जोरात पळाला की टॅगवरून वाहणाऱ्या पाण्याचा खळखळाट वाढतो, अन् क्रिलच्या (कोळंबीसारखे बारके जीव, त्याचं खाणं) झुंडीवर तोंड उघडलं की वेग एकदम पडतो, खळखळाटही पडतो, तिथं घास.

पोरीला हेडफोन लावून स्पर्म व्हेलचं एखादं रेकॉर्डिंग ऐकवा, नेटवर फुकट मिळतात, अन् बझ कुठं येतो ते तिलाच शोधू द्या.