फिंगरप्रिंट टेम्प्लेट सर्वरवर गेलं की मॅच होत नाही

भाऊ, तुमचं म्हणणं असं की हिंगण्याच्या कंपनीत गेटवरच्या पीसीवर बोट बरोबर मॅच होते, पण तेच टेम्प्लेट (ठशावरून बनवलेला बायनरी डेटा) सर्वरच्या मायएसक्यूएल डेटाबेसमधून परत काढलं की मॅच होऊन नाही राहिलं, म्हणून बोट घ्यायची मशीन बदलायची का. मशीन बदलू नका. पीसीवर मॅच होते म्हणजे मशीन चांगली आहे, बायनरी डेटा वाटेत कुठंतरी स्ट्रिंग (मजकूर) बनून राहिला.

टेम्प्लेट आयएसओ 19794-2 या स्टँडर्डचं असेल (2005 वालं, बहुतेक एसडीके, म्हणजे मशीनची प्रोग्रामिंग लायब्ररी, तेच देतात) तर सुरुवातीला एफ, एम, आर ही तीन अक्षरं आणि चौथा बाइट शून्य. सी भाषेत शून्य बाइट आला की स्ट्रिंग संपली. तेव्हा कॉलममध्ये नुसती तीन अक्षरंच पडली असतील तर कोणीतरी स्ट्रलेन या फंक्शननं लांबी काढली आहे, एसडीके जी लांबी देते ती वापरा. याच्या उलट, लांबी वाढलेली आहे अन् हेक्समध्ये (प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहिला की) जागोजागी ईएफ बीएफ बीडी दिसते, तर कोडमध्ये कुठंतरी यूटीएफ-8 मजकूर म्हणून डीकोड केलंय. जो बाइट त्याला वाचता येत नाही त्याच्या जागी तो हे तीन बाइट बसवतो, मग मूळ बाइट कायमचा गेला. अशा रेकॉर्ड दुरुस्त करत बसू नका, त्या कामगारांची बोटं पुन्हा घ्यावी लागतील, दुसरा इलाज नाही.

पाठवताना जेसनमध्ये बेस64 करून (म्हणजे बायनरीची साधी अक्षरं करून) टाका. 3 बाइटची 4 अक्षरं होतात, साइज एक तृतीयांश वाढते, एवढ्याशा टेम्प्लेटला त्याचं काही नाही. पण साध्या फॉर्म पोस्टनं पाठवत असाल तर बेस64 मधला अधिकचा चिन्ह सर्वरवर स्पेस होऊन पोचतो, हे लवकर ध्यानात येत नाही, तिथं यूआरएल एनकोड कराच. सर्वरवर लगेच डीकोड करून बाइट म्हणूनच पॅरामीटरमधून इन्सर्ट करा, क्वेरीच्या स्ट्रिंगला जोडू नका. कॉलम टेक्स्ट नको, व्हारबायनरी किंवा ब्लॉब घ्या. पुढं बोटाची इमेज पण ठेवायची असेल तर साधा ब्लॉब 65,535 बाइटचा आहे, 300 बाय 400 ची ग्रेस्केल इमेजच 1,20,000 बाइट होते, आणि स्ट्रिक्ट मोड बंद असला तर मायएसक्यूएल नुसती वॉर्निंग देऊन उरलेलं कापून टाकते. मिडियमब्लॉब घ्या.

सोबत क्लायंटवर (गेटवरच्या पीसीवर) टेम्प्लेटचा काढलेला एसएचए-256 हॅश, म्हणजे डेटा बदलला का ते सांगणारा कोड, पाठवा, सर्वरनं तो जुळवूनच सेव्ह करायचं. पावसाळ्यात लाइट गेली, नेट गेलं, तर क्लायंटनं एसक्यूलाइटमध्ये रांग लावून ठेवावी आणि प्रत्येक रेकॉर्डला स्वतःचा यूयूआयडी (वेगळा ओळख नंबर) द्यावा, टेबलात त्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे तेच पुन्हा पाठवलं तरी डबल एंट्री नाही. आणि एचटीटीपीएस नसेल तर आधी ते लावा, पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, माणसाचं बोट कसं बदलणार?

आता एकाच बोटाचं पाठवायच्या आधीचं आणि टेबलातून काढलेलं हेक्स शेजारी ठेवा. नवव्यापासून बाराव्या बाइटपर्यंत रेकॉर्डची पूर्ण लांबी असते, बिग एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी), इंटेलच्या मशीनवर वाचताना उलटवून घ्या, ती कॉलमच्या लांबीशी जुळते का पाहा. नाही समजलं तर दोन्हीकडचे पहिले 24 बाइट इथं टाका. तेवढं नुसतं हेडर आहे. त्याच्या पुढचं मात्र टाकू नका, तिथून त्या कामगाराच्या बोटाचा डेटा सुरू होतो.