कोपनहेगनला येण्याआधी ‘मेथड्स’ वाच

तुझा मेसेज रविवारीच वाचला होता, उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. पुण्यात एमपीटी (फिजिओथेरपीत मास्टर्स) झालंय, इथल्या एक्सरसाइज फिजिऑलॉजीच्या, म्हणजे व्यायामात शरीरात काय घडतं त्या शास्त्राच्या, एका लॅबमधून पीएचडीच्या इंटरव्ह्यूचं बोलावणं आलंय, आणि तू विचारतेस, “ताई, गाइडचे दोनशेवर पेपर आहेत, कुठले वाचू? आणि तिथे माझं निभेल का?”

दोन्हीचं उत्तर एकाच जागी आहे. पेपर कितीही असोत, त्यातलं ‘मेथड्स’ वाच, म्हणजे प्रयोग नेमका कसा केला ते सांगणारा भाग. तुझी इथली तीन वर्षं कशी जाणार ते तिथेच लिहिलेलं असतं. मी ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे नुसते सारांश, पाठ करून आले होते आणि पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडले.

बेंग्ट साल्टिन हे नाव तुला माहीत असेलच. व्यायामाच्या शरीरशास्त्रातला मोठा संशोधक, मूळ स्वीडनचा, 1973 साली इथल्या ऑगस्ट क्रोग इन्स्टिट्यूटमध्ये आला. 2014 मध्ये गेला, पण इथे कामाचा शिरस्ता अजून त्याचाच आहे. बर्गस्ट्रॉम, हर्मनसेन, हुल्टमन आणि साल्टिन यांचा 1967 चा पेपर काढ. व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप, त्याच्या 75 टक्क्यांवर सायकल. चरबी-प्रथिनांचा आहार घेतला तर माणूस सुमारे 57 मिनिटांत थकतो, मिश्र आहारावर 114, भरपूर कर्बोदकांवर 167. हे आकडे आपण परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. पण ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठलेलं कर्बोदक, मोजायचं तर मांडीच्या स्नायूत सुई घालावी लागते, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन हे दोघे एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारलं. मग तीन दिवस कर्बोदकं खाल्ली. दमलेल्या पायात ग्लायकोजेन आराम केलेल्या पायाच्या दुपटीवर गेलं. सब्जेक्ट, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग होतो ते, दुसरे कोणी नव्हते, ते दोघे स्वतःच होते.

ती सवय इथे टिकून आहे. सक्ती कोणी करत नाही, पण मीही एकदा मांडी पुढे केली. भूल देतात, छोटीशी चीर, मग पेन्सिलीएवढी जाड सुई. दुखत असं नाही, आत खोलवर कोणी मुठीने दाबतंय असं वाटतं. बाहेर येतो तो तांदळाच्या दाण्याएवढा लालसर तुकडा, आणि तो काही सेकंदांत द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर गेला पाहिजे. सुई डॉक्टर घालतात, पुढचं सगळं तुझ्या हातात. पहिल्या दिवशी माझ्या चिमट्याला तो दाणा चिकटून बसला, सुटेचना. नमुना वाया. उपाशीपोटी दोन तास सायकल मारलेला तो पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, “प्यूट.” म्हणजे आपलं ‘असू दे गं’. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर वाचताना बघ: सब्जेक्ट किती? आठ-दहाच असतात, पण एकेकामागे महिने जातात. पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का, आणि ती मुलं आज कुठे आहेत? इथे बहुतेक प्रबंध म्हणजे जोडलेले शोधनिबंधच, त्यामुळे ही चौकशी आगाऊपणा नाही, तुझा हक्क आहे.

आणि सब्जेक्ट कोण हेही बघ. साल्टिनने 1966 साली डॅलसमध्ये पाच जणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवलं, त्यांची व्हीओटू मॅक्स चतुर्थांशाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी तीच माणसं पुन्हा तपासली, तेव्हा कळलं की तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता खाल्ली नाही तेवढी त्या तीन आठवड्यांनी खाल्ली होती. अफाट काम. पण पाचही विशीतले पुरुष. बायकांवर काय करताय, हे इंटरव्ह्यूत सरळ विचार. इथे असे प्रश्न आवडतात, आणि प्रोफेसरला नावानेच हाक मारायची असते, ‘सर’ म्हणालीस तर हसतील.

घरी समजावायचं तर यो-यो टेस्ट सांग, धावण्याची चाचणी. कोहलीच्या काळात संघनिवडीत 16.1 चा जो आकडा गाजला, ती चाचणी कोपनहेगनच्या येन्स बांग्सबोची. वीस मीटर जा, वीस मीटर ये, दहा सेकंद विश्रांती. बाबांना लगेच कळेल.

बाकी निभण्याचं म्हणशील तर पीएचडी ही इथे नोकरी असते, पगार मिळतो. घरभाडं मात्र त्याचा मोठा लचका तोडतं. आल्या आल्या सीपीआर नंबर, म्हणजे इथला ओळख क्रमांक, काढ, त्याशिवाय डॉक्टर, बँक सगळं अडतं. लॅबमध्ये इंग्रजी चालतं, पण सब्जेक्ट डॅनिश बोलतात, तेव्हा क्लास लाव. डिसेंबरात पावणेचारला काळोख होतो आणि सब्जेक्ट सकाळी सातला उपाशी येतात, म्हणजे जातानाही अंधार, येतानाही. पहिल्या वर्षी मी यानेच खचले होते, सुईने नाही.

तारीख ठरली की कळव. हिवाळ्यात आम्ही साडेचार तास मागे असतो. तुझ्याकडे रात्री नऊ वाजले की फोन कर, मी तेव्हा लॅबमधून सुटते.